धैर्यशीलचा कप

लीलामामीनं ड्रॉपरमधले थेंब चहात सोडले, चमच्यानं ढवळलं आणि तोच ओला चमचा पदराला पुसून साखरेच्या डब्यात खुपसला. ट्रेमधल्या सगळ्या कपांना फुलांच्या बश्या होत्या. या एका कपाखाली स्टीलची बशी होती, चुकून पाहुण्यांच्या हातात जाऊ नये म्हणून.

संयोगिता दारात उभी राहून बघत होती. काय घातलं, असं तिनं विचारलं तेव्हा मामी दचकली नाही. आवाज खाली आणून तिनं सगळं सांगून टाकलं. धैर्यशीलला मागं भास व्हायचे, दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, हे भाचीला ठाऊकच होतं. पोरगा बरा झाला, औषध बंद झालं, असं मामांनी गावभर सांगितलं. औषध मात्र चालूच होतं. मामा ओळखीच्या दुकानातून बाटली आणायचे आणि मामी चहातून द्यायची. पोराला यातलं काही माहीत नव्हतं.

"त्याला कळलं तर घेणार न्हाई बाय," मामी म्हणाली. "आणि बाहेर कळलं तर पोरगी कोण देईल?"

संयोगितानं ती बाटली उचलून लेबल वाचलं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत तिचं कामच अशा औषधांवर होतं. मेंदूच्या पेशींवर रिसेप्टर असतात, बारीक कुलपांसारखे. डोपामीन नावाचं रसायन त्यांत किल्लीसारखं बसतं. भास होणाऱ्या माणसाची काही कुलपं नको तेव्हा उघडत राहतात. औषध त्या कुलपांत जाऊन अडून बसतं. बेताची अडली तर डोकं निवतं. फार अडली तर हातपाय लाकडासारखे होतात.

आणि धैर्यशील लाकडासारखाच चालत होता. हात हलत नव्हते, चेहरा थापल्यासारखा सपाट. सकाळी नानासो मामांनी हीच चाल पाहुण्यांना कौतुकानं दाखवली होती. स्वतः सुभेदार म्हणून निवृत्त झालेले मामा म्हणाले होते, पोरगा फौजेत गेला नाही खरा, पण रक्त कुठं जातंय?

पाहुणे मलकापूरचे, साताऱ्याहून तासाभरावरचे. पसंती मागंच झाली होती. आज मुलगी पल्लवी आणि तिचे वडील घर बघायला आले होते. सुपारी तेवढी फुटायची होती. स्थळ तिकडूनच सांगून आलं, म्हणून मामांची मान ताठ झाली होती. ते पाहुण्यांना गिझर दाखवत होते, गच्ची दाखवत होते, प्लास्टिक न काढलेला सोफा दाखवत होते.

पण मामीच्या त्या थेंबांनी माणूस इतका आखडणार नाही, हे संयोगिताला कळत होतं. ती परसात गेली. धैर्यशील नळाखाली हात धरून उभा होता. बोटं थरथरत होती. तिनं सरळच विचारलं, तू आणखी काही घेतोस का?

आतून कुणी ऐकत नाही ना, ते त्यानं बघितलं. मग त्यानं सांगितलं, की तो गोळी घेतो, रोज, न चुकता. मलकापूरच्या डॉक्टरांकडं स्वतः जातो, गोळ्या तिथल्याच मेडिकलमधून आणतो. इथं साताऱ्यात कुणी बघितलं तर वडिलांना, आबांना, तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणून घरात बोलला नव्हता.

"हल्ली लय आखडतंय ताई. मला वाटलं आजारच वाढला."

तेव्हा तिनं त्याला चहाचं सांगितलं. त्यानं नळ बंद केला आणि तो आत गेला.

सोफ्यासमोर स्टीलच्या बशीतला कप त्याची वाट बघत होता. तो हात लावेना, तसे मामा हसत म्हणाले, "घे रं, निवतोय."

"आबा, यात काय हाय?"

"काय असणार? साखर."

धैर्यशीलनं बशी वडिलांपुढं सरकवली. "मग तुमी प्या."

मामांनी कपाकडं बघितलं, पाहुण्यांकडं बघितलं. हात मात्र मांडीवरून उचलला नाही. चहावर साय धरली. मामी दारात पदर तोंडाला लावून उभी होती. धैर्यशीलनं पल्लवीच्या वडिलांकडं वळून सगळं सांगितलं, आजार, गोळ्या, हा कप. शब्द जड येत होते, पण एकही गिळला नाही. मामा मध्येच म्हणाले, चेष्टा करतोय पोरगा. कुणी हसलं नाही.

पल्लवीचे वडील उठले. पल्लवी बसूनच राहिली.

"बसा दादा," ती वडिलांना म्हणाली. "मी मेडिकलात कामाला हाय न्हवं? यांच्या गोळ्या मीच देते. एकदा पण खाडा न्हाई यांचा. म्हणून तर तुमाला स्थळ सुचवलं."

संयोगितानं मामांकडं बघितलं. मामांचा चेहरा क्षणात फुलला होता. शरमेचा टिपूस नव्हता त्यावर. गुडघ्यावर थाप मारून ते म्हणाले, मग अडलंय कुठं, सगळं माहीत असूनच आलेत की पाहुणे. लीला, पेढे आण.

मामी लगबगीनं वळलीसुद्धा.

पल्लवीनं आपला भरलेला कप तसाच ट्रेमध्ये ठेवला आणि उठून पायात चपला घातल्या.

"आजार मला ठाऊकच होता मामा," ती म्हणाली. "घर तेवढं बघायचं राहिलं होतं."