तज्ज्ञाचा शेरा

“लिहा,” जमदग्नी म्हणाला. “या माणसाला बढती देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणं.”

टायपिस्टबाईंची बोटं थांबली. “सर, माकड असंच लिहू?”

“असंच लिहा. माकडाला दुसरं काय म्हणणार? आणि लगेच सहीला आणा. हे अकराच्या आत सल्ला कक्षात पोचलं पाहिजे.”

व्यवस्थापनशास्त्राच्या या प्राध्यापकाला विद्यार्थी जमदग्नी म्हणत. ते त्याला माहीत होतं, आणि आवडतही होतं. विद्यापीठाच्या सल्ला कक्षाकडून त्याच्याकडे अशी प्रकरणं मतासाठी येत. कधी बँकेचं, कधी कारखान्याचं, कधी कुठल्या संस्थेचं. नाव-गाव काढून टाकलेलं असे. ही पद्धत त्यानेच घालून दिली होती. नाव कळलं की परीक्षक पाघळतो, हे त्याचं लाडकं वाक्य.

आजचं प्रकरण एका कारखान्यातल्या विभागप्रमुखाचं होतं. हुशार, वक्तशीर, कामाला वाघ. पण हाताखालचं माणूस दोन वर्षं टिकत नाही, आणि टिकतं ते तोंड उघडत नाही. अख्खा कारखाना त्याच्या हाती द्यावा का? जमदग्नीला पाच मिनिटं पुरली.

त्याचं डोकं आज भलत्याच कारणाने तापलं होतं. नव्या कुलगुरूच्या निवडीची कागदपत्रं आज समितीकडे जायची होती, आणि उमेदवारांत याचंही नाव होतं. यंदा हुकलं तर पुन्हा वयात बसणार नव्हतं. कापडाच्या दुकानात गजाने कापड मोजणाऱ्या बापाचा हा मुलगा. एकतिसाव्या वर्षी डॉक्टरेट, पुढे अकरा पुस्तकं, निम्म्या बँकांचे मॅनेजर याच्या वर्गातून गेलेले. आणि अशा माणसाला अधिष्ठाता होऊ दिलं नाही, प्र-कुलगुरू होऊ दिलं नाही! दोन्ही वेळा कुलगुरूंच्या कार्यालयातून समितीकडे एक बंद लखोटा गेला होता, आणि दोन्ही वेळा याचा पत्ता कट झाला होता.

दारात त्याच्या विभागातली एक तरुण सहकारी उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे.

“सर, त्या लेखावर माझं नाव दुसरं आलंय. म्हणजे, लिहिला मीच होता...”

“आलंय ना नाव? मग पेढे वाटा.”

ती गेली. टायपिस्टबाई सही घेऊन गेल्या. मग बायकोचा फोन आला.

“अहो, कुलगुरूंकडे रागात जाऊ नका.”

“राग? माझा राग तू अजून बघितला नाहीस!”

“तेहेतीस वर्षं दुसरं काय बघतेय मी?”

त्याने फोन आपटला आणि थेट कुलगुरूंचं कार्यालय गाठलं. चिठ्ठी नाही, वेळ घेतलेली नाही. बाहेरचा शिपाई उठेपर्यंत हा आत होता.

कुलगुरू बाई खोली आवरत होत्या. त्या मूळच्या भूगर्भशास्त्राच्या, त्यामुळे टेबलावर दगडच दगड. एकेक दगड वर्तमानपत्रात गुंडाळून त्या खोक्यात ठेवत होत्या. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या.

“बसा.”

“बसायला आलो नाही. माझ्याविरुद्ध कोण लिहितं, ते ऐकायला आलोय.”

“ते कागद गुप्त असतात. तुम्हाला सांगायला हवं का?”

“दोनदा माझा गळा कापलात. तिसऱ्यांदा गुपचूप मान पुढे करणार नाही मी. तुम्हीच लिहिता ना? एकाच वर्षी नोकरीला लागलो आपण. तेव्हापासून सलतोय मी तुम्हाला!”

“तुमच्याबद्दल मी आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही.”

“मग कुणी लिहिलं? या दगडांनी?”

बाईंनी हातातला दगड खाली ठेवला. त्यांचाही आवाज आता चढला. “मी लिहिलं असतं तर आकस म्हणाला असतात. म्हणून दर वेळी तज्ज्ञाला विचारलं. माणूस पारखण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नाही म्हणतात. तुम्हीही म्हणता.”

“आणि तो काय म्हणाला?”

“अधिष्ठाता? नको. प्र-कुलगुरू? नको.”

“आणि या वेळी?”

“आज सकाळीच आलंय त्याचं मत. लखोटा अजून बंद केलेला नाही.”

त्याने टेबलावर मूठ आपटली. एक दगड घरंगळत खाली गेला. “नाव सांगा त्या हरामखोराचं! कोर्टात खेचतो त्याला. आयुष्यभर घाम गाळला मी, आणि हा कोण टिकोजीराव कुठेतरी बसून दोन ओळींत माझी माती करतो? अहो, मला ओळखतो तरी का तो?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “दोनदा नाही ओळखलं त्याने. या खेपेला तरी ओळखेल, असं वाटलं होतं मला.”

त्यांनी फाईल त्याच्यापुढे सरकवली आणि खुर्चीत बसल्या.

आत तीन कागद होते. कुठल्यातरी गिरणीच्या, कुठल्यातरी रुग्णालयाच्या, कुठल्यातरी कारखान्याच्या एका बिननावाच्या माणसाबद्दलचे. तिन्हींवर ‘नको’ असा शेरा होता, आणि तिन्हींच्या खाली जमदग्नीची सही होती.