समुद्र बरा झाला तो दिवस

यंत्रावरचा आकडा पाहून डॉ. मृदुला पेडणेकर खुर्चीतून उठल्याच. मालवणच्या समुद्राची आम्लता चक्क कमी झाली होती. ती वाढतेय, त्यानं शिंपल्यांची कवचं झिजताहेत, हे दरमहा पाणी तपासून सिद्ध करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आज आपलंच संशोधन खोटं ठरल्याच्या आनंदात त्यांनी प्रयोगशाळेत पेढे वाटले. एरवी एकेक नमुना पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या बाईंनी हा मात्र दुसऱ्यांदा तपासला नाही.

दुपारी यंत्रांची देखभाल करणारे दळवी आले.

"मॅडम, हे बिघडलं होतं," काम संपवून हात पुसत ते म्हणाले. बाईंनी सकाळचंच पाणी पुन्हा तपासलं. आम्लता मागच्या महिन्याहून जास्त निघाली.

"आता झालं की नाही ठणठणीत?" दळवींनी कौतुकाच्या अपेक्षेनं विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या, "यंत्र ठणठणीत आहे."