बोंडअळीवरचं पुस्तक

चपला दाराशी काढून गोजरबाई चिखलीच्या कॉलेजच्या लायब्ररीत शिरली. ग्रंथपाल सिंधूताईंनी अडवलं, बाहेरच्यांना मनाई आहे म्हणाल्या. मी बाहेरची कशी, राखीची माय हाय, असं सांगून ती लेकीच्या टेबलाशी जाऊन बसलीसुद्धा.

राखी शेतकीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भोवतीची पोरं तलाठी भरतीची गाईडं घोकत होती. गोजरबाईने पदराची गाठ सोडली आणि कपाशीची हिरवी बोंडं त्या गाईडांवरच ओतली. एक टेबलाच्या कडेवर दाबून फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती.

साऱ्या वावरात हेच, ती म्हणाली. बीटीले अळी लागत नाही असं बियाणंवाला छातीठोक सांगत होता, अन् आता फवारे मारून मारून हात सोलून निघाले. तेव्हा पुस्तकात काय औषध दिलंय तेवढं पाहून दे, संध्याकाळच्या एसटीने घेऊन जाते.

राखी उठली आणि उभीच राहिली. गोजरबाईला वाटलं, एवढ्यांतून कोणतं काढावं ते पोरगी ठरवतेय. पोरीला बापडीला शेतकीची पुस्तकं कुठल्या कपाटात असतात हेच ठाऊक नव्हतं. पास व्हायला झेरॉक्सच्या नोट्स पुरायच्या. लायब्ररीत ती बसायची पंख्याखाली, त्याच नोट्स पाठ करायला.

शेवटी सिंधूताईंनीच शेतकीच्या कपाटाची किल्ली शोधली. कुलूप गंजलेलं, दोन-तीन हिसक्यांनी उघडलं. आतलं कपाशीच्या किडींवरचं पुस्तक कोरं करकरीत होतं. त्यांनी ते राखीच्या हातात दिलं.

राखीने बोंडअळीचं पान काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. गोजरबाई तिच्या ओठांकडे बघत होती.

"माय, बोंडात शिरलेल्या अळीले औषध लागत नाई. पऱ्हाटी उपटून जाळा, असं लिहेल हाय."

"किती?"

"सारी."

त्याच पानावर खाली होतं, की पाते, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागतानाच नर पतंगांना वासाने ओढून पकडणारे कामगंध सापळे लावले तर पीक वाचू शकतं. ती वेळ केव्हाच टळली होती, ते काही राखीने वाचून दाखवलं नाही. पुस्तकावर डोकं टेकून ती रडायला लागली.

गोजरबाई रडली नाही. उघड्या कपाटापाशी गेली. त्यातलं सगळ्यात जाडं पुस्तक दोन्ही हातांनी उपसून आणलं आणि लेकीपुढे ठेवलं.

"ते पातळ होतं, पोरी. हे वाच."