काचेच्या पेटीचं डोहाळजेवण

प्रसूतिगृहात केतकीचं डोहाळजेवण चाललं होतं आणि केतकी दाराशी उभी होती. फुलांची वाडी घातली होती ती काचेच्या पेटीला. पेटीतल्या कृत्रिम गर्भपिशवीत तिचं सात महिन्यांचं बाळ पाय झाडत होतं. पेटीपुढे नारळ-तांदळाची ओटी ठेवून बायका काचेवरून मायेने हात फिरवत होत्या.

केतकी पुढे सरकली, तशा सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "तू शिवू नकोस. अडचण आलीय म्हणालीस ना सकाळी?"

"आई, बाळ माझं आहे!"

"असू दे गं. चार दिवस लांब राहिलीस तर काय बिघडतंय? विटाळ तो विटाळच."

केतकीला मळमळून आलं. या सात महिन्यांत पहिल्यांदाच.

"आई, ही पिशवी डॉक्टरांनी कशापासून वाढवली, ठाऊक आहे?" तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "माझ्या पाळीच्या रक्तातल्या पेशींपासून."

चटका बसावा तसा सासूबाईंनी काचेवरचा हात मागे घेतला आणि पदराला खसाखसा पुसला.

काचेपलीकडे त्यांचं नातवंड त्याच विटाळात निवांत अंगठा चोखत होतं.