छत्रीवाला

चोरून शस्त्रं वाहणाऱ्या जहाज कंपनीचा खरा मालक कोण, हे दिल्लीच्या संशोधन संस्थेतल्या करुणाला वर्षभर सापडेना आणि त्यावाचून तिचा अहवाल निघेना. कागदावर नऊ संचालक, नऊही नावापुरते. ती सुट्टीला गावी, बावड्यात आली तेव्हा तिच्या वडिलांनी, नानांनी, तिच्या लॅपटॉपवर जहाजाच्या जलावतरणाचा, नऊही संचालक असलेला फोटो पाहिला.

"मालक ह्यो. कडंचा."

"नाना, तो छत्री धरायला ठेवलेला माणूस आहे!"

"मग नऊच्या नऊ जण कॅमेरा सोडून त्याच्याकडं बघून का हसत्यात?"

तीन महिन्यांनी बँकेच्या कागदपत्रांतून छत्रीवालाच मालक निघाला. अहवाल सात देशांनी मागवला. त्यातल्या 'संशोधनपद्धती' या मथळ्याखाली करुणानं ताठ मानेनं लिहिलं : "वडील. गावातल्या सत्कारसमारंभांचा चाळीस वर्षांचा अनुभव."