कणकेनं लिंपलेली फट

सगळ्या इमारतीच्या चुली विझल्या आणि गळती सापडली ती कुमुदकाकूंच्या स्वयंपाकघरात. भिंतीतल्या चौकोनी नळीतून येणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरींवरच आता घरोघरी अन्न शिजे. नळीच्या सांध्यात फट दिसली, तशी काकूंनी सकाळीच ती कणकेनं लिंपली होती. वाफ कोंडायला पातेल्याचं झाकण लिंपतात, अगदी तशी.

दुरुस्तीला आलेल्या रेहानानं ती तापलेली कणीक खरवडून काकूंच्या हातात दिली. "काकू, आत मोजून खोल खाच ठेवलीय. लहर तिच्यात शिरते, उलटून परत येते आणि फटीतून निसटणाऱ्या लहरीला तिथंच जिरवते."

"म्हणजे उघडी होती तेव्हा गळत नव्हतं?"

"खाच बुजली, तेव्हा गळायला लागलं."

चुली पुन्हा पेटल्या. काकूंनी भीतभीत फटीपाशी बोट नेलं. थंडगार! दुसऱ्या हातातली कणीक मात्र अजून चटके देत होती.