फेरातले हात

"हात धर गं कुमुद, फेर तुटतो," भोंडल्यात आई म्हणायची. कुमुद हात धरायची, हसायची, पावलं मोजत गायची. फेर कधी तुटला नाही.

आता मुलगी सात वर्षांची झाली की शाळेत तिच्या कपाळाला पट्टी लावतात. चारचौघींसारखं वागताना मनाला किती कष्ट पडतात, ते पट्टी लाल होऊन दाखवते. पट्टी येण्याआधी स्वमग्न मुली नुसत्या गुणी म्हणून खपून जायच्या.

कुमुदच्या नातीची, मुक्ताची, पट्टी लालभडक झाली.

"तिला काही नाही हो," मुक्ताची आई वृंदा शाळेच्या सिस्टरला म्हणाली. "ती आजीवर गेलीय. आजीही अशीच, अबोल. हवं तर लावून बघा."

सिस्टरने शेजारी बसलेल्या कुमुदला पट्टी लावली. "बोला आजी, कशा आहात?"

"मजेत," कुमुद हसून म्हणाली.

पट्टी तशीच लाल झाली. सिस्टरने दुसरी लावली, तीही लालच.

वृंदाने आईचा हात घट्ट धरला. "आई, कधी बोलली नाहीस?"

कुमुदने नातीकडे पाहिलं. ओठांवरचं हसू तिने हळूच उतरवलं, तशी पट्टी फिकी पडत गेली.

"हात सोड, वृंदा," ती म्हणाली. "मला कुणी हात धरलेला सोसत नाही. तेव्हाही सोसत नव्हता."